शिक्क्याचा सुलतान

देवणी म्हटलं की लोकांना बैल आठवतो. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लोंबते कान, रुंद कपाळ. औताला दणकट आणि गाय दुधालाही बरी. गावाचं नाव जनावराच्या जातीला मिळावं हा मान थोड्यांच्या वाट्याला येतो, त्यामुळे देवणीकर दुसरी ओळख सांगायच्या भानगडीत पडत नाहीत. पण ती आहे. १९५६ सालापर्यंत देवणीचा जिल्हा लातूर नव्हता, उस्मानाबादही नव्हता. होता बीदर. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यातले. भाषावार प्रांतरचनेत हे तीन इकडे आले, भालकी आणि बीदर तिकडे गेले. सोयरिकी कुणी तोडल्या नाहीत. लातूर जिल्हा तर १९८२चा, म्हणजे कालपरवाचा.

तेव्हा बीदरचा सुलतान हा देवणीला परका माणूस नाही. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणचा आहे. आणि त्यातही एक सुलतान असा होऊन गेला की त्याच्याइतका काळ बहामनी गादीवर कुणी बसलं नाही आणि त्याच्याइतकं कमी राज्य कुणी केलं नाही.

महमूदशहा बहामनी. १४८२ ते १५१८. घराण्यात एकूण अठरा सुलतान झाले. कुणी पाच महिने टिकला, कुणी पाच वर्षं, कुणी वीस. हा सगळ्यांत दुबळा, आणि हाच छत्तीस वर्षं टिकला. का टिकला, याचं उत्तर त्याच्या गादीवर येण्याच्या आदल्या वर्षीच्या एका कागदात आहे.

कोरा कागद, खरा शिक्का

महमूद गावान हे नाव शाळेच्या पुस्तकात येऊन जातं. इराणच्या गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आलेला, बीदरला वजीर झालेला माणूस. बीदरमधला त्याचा मदरसा १४७२चा. निळ्या-हिरव्या फरशांचा एक मनोरा अजून उभा आहे. औरंगजेबाच्या काळात मदरशात दारू साठवलेली होती, तिचा स्फोट झाला आणि अर्धी इमारत गेली. पिण्याची नव्हे, तोफांची. बीदरच्या इतिहासात हे स्पष्ट करावं लागतं.

गावानने सरदारांच्या नाड्या आवळल्या. राज्याचे चार सुभे होते, त्याचे आठ केले. वऱ्हाडचे दोन तुकडे झाले, एक गाविलगड आणि दुसरा आपलं माहूर. प्रत्येक सुभेदाराच्या ताब्यात एकच किल्ला, बाकीचे थेट सुलतानाचे. एवढं केल्यावर त्याचे मित्र किती उरले असतील ते सांगायला नको.

त्याचे शत्रू हुशार निघाले. गावानचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला त्यांनी दारू पाजली, एका घडी घातलेल्या कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, आणि मग वरची जागा भरली: ओडिशाच्या राजाला चढाईचं आमंत्रण. कागद सुलतानापुढे गेला. सुलतानही तेव्हा शुद्धीत होता असं नाही. गावान म्हणाला, शिक्का माझा आहे, मजकूर माझा नाही. ५ एप्रिल १४८१ला त्याचं डोकं उडवलं. तेव्हा तो सत्तरीच्या पुढे होता.

वर्षभरात सुलतान तिसरा मुहम्मदशहाही गेला. मरताना तो ओरडत होता की गावान माझं काळीज फाडतोय, असं फिरिश्ता लिहितो. या फिरिश्त्याची गाठ पुढे वारंवार पडणार आहे, म्हणून ओळख करून घेऊ. मूळचा इराणकडचा, नोकरी विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाकडे, लिखाण फारसीत, आणि काळ या घटनांनंतर शतकभराचा. गोष्ट रंगवून सांगण्यात त्याचा हात धरणारा नाही. विजापूरकरांचं जिथे नाक वर होतं तिथे त्याच्यावर अर्धाच विश्वास ठेवावा. बाकी ठिकाणी पाऊण.

पाथरीचे कुलकर्णी बीदरच्या कारभारात

महमूद गादीवर आला तेव्हा बारा वर्षांचा होता. कारभार हातात घेतला मलिक हसन निजाम-उल-मुल्कने, म्हणजे गावानचा काटा काढण्यात जो पुढे होता त्यानेच. हा मलिक हसन मूळचा कोण? फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याचं पहिलं नाव तिमाप्पा, बापाचं नाव भैरव, घराणं पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचं. हो, परभणी जिल्ह्यातलं पाथरी. लहानपणी विजयनगरच्या मोहिमेत पकडला गेला, बाटवला गेला, शहाजाद्यांच्या बरोबरीने शिकला, आणि चढत चढत राज्याचा मुतालिक झाला.

चार वर्षांत त्याचाही निकाल लागला. वरंगळच्या मोहिमेतून जीव वाचवायला तो बीदरला पळाला, खजिन्यावर हात टाकला, आणि ज्या किल्लेदारावर भरवसा ठेवला त्यानेच गळा आवळून मुंडकं सुलतानाकडे पाठवलं. त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरला होता. त्याने बीदरची फौज १४९०मध्ये भिंगारजवळ झोडपली आणि तिथेच पुढे शहर वसवलं. अहमदनगर. म्हणजे निजामशाहीच्या मुळाशी मराठवाड्यातलं एक कुलकर्णी घराणं आहे, आणि पाथरी आपल्याकडे असावी म्हणून निजामशाहीने वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाईसुद्धा केली. वतनाचा सोस धर्म बदलला तरी सुटत नाही.

सात दरवाजे, शंभर कारकून

१४६९च्या सुमाराला अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला हिंदुस्थानात आला आणि फिरत फिरत बीदरला पोचला. त्याने लिहून ठेवलंय की सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे, प्रत्येक दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून; काही आत जाणाऱ्याचं नाव टिपतात, काही बाहेर येणाऱ्याचं. सरकारी कचेरीत नोंदवहीत नाव लिहून सही करण्याची आपली परंपरा किती जुनी आहे बघा.

अठरा वर्षांनी, नोव्हेंबर १४८७च्या एका रात्री, मारेकरी याच सात दरवाजांतून आत गेले आणि त्यांनी आतून दरवाजे लावून घेतले. नोंदवही कुणी विचारली नाही. दख्खनी आणि हबशी सरदारांचा हा कट. सुलतान नाचगाण्यात होता. मूठभर तुर्क चाकरांनी मारेकऱ्यांना अडवून धरलं, तेवढ्यात तो शाह बुरुजावर चढला आणि वाचला. दिवस उजाडल्यावर बाहेरून मदत आली. मग शहरात तीन दिवस दख्खन्यांची कत्तल चालली.

सतरा वर्षांच्या मुलाने यातून काय शिकावं? पहारा वाढवावा, सरदार पारखावेत, असलं काही नाही. शाह बुरूज आपल्याला लाभला, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि त्याने त्या बुरुजावर एक देखणा महाल बांधायला काढला. पुढचा मुक्काम तिथेच. दिल्ली, लाहोर आणि थेट इराणपासून गवय्ये आणि नाचणाऱ्या बीदरच्या वाटेला लागल्या. कारभार कुणी विचारायला आलं तर उत्तर मिळत नसे.

सिंहासनाचे पेले

बहामन्यांचं सिंहासन म्हणजे तख्त-ए-फिरोजा. तेलंगणाच्या राजाकडून भेट आलेलं, आबनुशी लाकडाचं, वर सोन्याचा पत्रा. नऊ फूट लांब, तीन फूट रुंद. आकाशी मिन्याचं काम होतं म्हणून फिरोजा. पण गादीवर येणारा प्रत्येक सुलतान त्यात आपली रत्नं जडवत गेला, आणि शेवटी मूळचा आकाशी रंग दिसेनासा झाला.

महमूदशहाने ते मोडलं. रत्नं काढून सुरया आणि पेले घडवायचे होते. मोडताना जवाहिऱ्यांनी किंमत केली, एक कोटी होन.

राज्य बुडाल्याच्या खुणा इतिहासकार महसुलात आणि लढायांत शोधतात. मला हे पेले पुरेसे वाटतात. ज्यावर बसायचं ते वितळवून ज्यातून प्यायचं ते केलं. यापेक्षा प्रामाणिक कबुलीजबाब कुठल्या राजाने दिलेला नाही.

वाटण्या झाल्या, सातबारा तोच

मराठवाड्यात हे दृश्य नवं नाही. चार भाऊ वेगळे राहतात, वेगळं पेरतात, बांधावरून एकमेकांची डोकी फोडतात, पण सातबाऱ्यावर नाव म्हाताऱ्याचंच. तो जिवंत आहे तोवर फेरफार नको, कारण फेरफार म्हटलं की भांडण चव्हाट्यावर येणार. बहामनी राज्याचं नेमकं हेच झालं.

विजापूरला यूसुफ आदिलखान. वऱ्हाडात फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क, तोही जन्माने कानडी हिंदू. नगरला मलिक अहमद. गोवळकोंड्याला कुली कुतुब-उल-मुल्क. आणि बीदरमध्येच, सुलतानाच्या उशाशी, कासिम बरीद. औसा, कंधार आणि उदगीर हे तिन्ही किल्ले कासिम बरीदकडे होते. नकाशावर बोट ठेवून बघा. पश्चिमेला औसा, उत्तरेला उदगीर, त्याच्याही पलीकडे कंधार, आग्नेयेला बीदर. देवणी बरोबर मधे. या मुलखातला सारा सुलतानाच्या नावाने वसूल व्हायचा आणि बरीदच्या पिशवीत पडायचा.

पाचही जण स्वतःला बरीच वर्षं नोकरच म्हणवत राहिले. कुली कुतुबने तर सुलतान मरेपर्यंत खुतब्यातलं त्याचं नाव काढलं नाही. निष्ठा म्हणाल तर थोडी असेलही. पण खरं कारण असं की पाचांतला एकही दुसऱ्या चौघांपुढे मान झुकवायला तयार नव्हता, आणि नावापुरता का होईना, सहावा कुणी वर असेल तर ती वेळ येत नव्हती. गावानचा शिक्का एका रात्रीपुरता चोरावा लागला होता. आता सुलतानच शिक्का झाला. ज्याच्या हातात तो, त्याचं फर्मान खरं. शिक्का कुणी मोडत नाही. पळवतात.

जगात इतरत्रही असे राजे झाले. शंभरेक वर्षं आधी बल्गेरियात इव्हान शिशमान नावाचा झार होता. बापानेच राज्य वाटून ठेवलं होतं: तर्नोव्हो याच्याकडे, विदिन सावत्र भावाकडे; समुद्राकाठचा दोब्रुजा तर तिसऱ्याच घराण्याकडे गेलेला. उस्मानी सुलतान पहिल्या मुरादला शिशमानने बहीण दिली, मांडलिकी पत्करली, तरी १३९३मध्ये तर्नोव्हो पडलं आणि दोन वर्षांनी तोही मारला गेला. शिशमानला बाहेरच्याने संपवलं, म्हणून त्याच्यावर लोकगीतं झाली. महमूदशहाला घरच्यांनी सांभाळलं. त्याच्यावर कोण गाणार?

बल्गेरियाचा विषय निघाला म्हणून एक गंमत. विजापूरचा यूसुफ हा उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादचा मुलगा, भावाने मारू नये म्हणून आईने व्यापाऱ्याबरोबर लपवून पाठवलेला, अशी कथा फिरिश्ता सांगतो. दुसरा मुराद म्हणजे शिशमानच्या मेहुण्याचा पणतू. कथा खरी धरली तर विजापूरकर आणि तर्नोव्होकर लांबून का होईना सोयरे लागतात. इतिहासकार ती खरी धरत नाहीत. यूसुफच्या वंशजाकडे नोकरी करणाऱ्याने यूसुफला शाहजादा करून टाकावं, यात नवल काय!

दाभोळचा दर्यावर्दी

वाटण्या बघून कोकणातल्या बहादूर गिलानीलाही सुरसुरी आली. गोवा आणि दाभोळ त्याच्या हातात होतं. त्याने गुजरातची मालाने भरलेली जहाजं पकडली, माहीमपर्यंत लूटमार केली. गुजरातचा महमूद बेगडा काही लेचापेचा नव्हता. त्याने बीदरला पत्र धाडलं, आणि त्याचा मतलब असा की तुमचा माणूस तुम्हाला आवरत नसेल तर मी येऊन आवरतो.

इथे एक मजा झाली. सगळे वाटेकरी एकदम सुलतानाच्या झेंड्याखाली गोळा झाले. गुजरातची फौज घरात शिरली असती तर पाचांचंही नुकसान होतं. १४९४मध्ये गिलानी लढाईत पडला आणि जहाजं परत गेली. महमूदशहाच्या कारकिर्दीत सरकार म्हणून काम झाल्याचं हे जवळजवळ एकमेव उदाहरण.

विजयनगरने उचलून पुन्हा बसवलेला

१५०९मध्ये बहामनी सरदारांची एकत्र फौज सुलतानाला पुढे घालून विजयनगरवर गेली. तिकडे त्याच वर्षी कृष्णदेवराय गादीवर आला होता. दिवाणी नावाच्या ठिकाणी लढाई झाली, सुलतान घोड्यावरून पडला आणि जबर जखमी झाला. सरदारांनी त्याला एका तंबूत नेलं आणि लढाई तिथेच सोडली. देवणीकरांनी लगेच कान टवकारू नयेत. ते दिवाणी कुठलं हे इतिहासकारांना ठरवता आलेलं नाही, आणि दोन नावं जुळली म्हणून आपल्या शिवारात कृष्णदेवरायाची छावणी लावायला काही आधार नाही.

पण पुढची गोष्ट जास्त चमत्कारिक. रायचूरचा दुआब घेतल्यावर कृष्णदेवराय गुलबर्गा आणि बीदरवर चालून आला, बरीदला बाजूला केलं आणि महमूदशहाला पुन्हा गादीवर बसवलं. जिंकलेल्या शत्रूला गादी परत! आणि स्वतःला बिरुद लावून घेतलं, यवनराज्यस्थापनाचार्य. शाळेत आपण शिकतो की विजयनगर आणि बहामनी हे जन्माचे वैरी. वैरी होतेच. पण दुबळा सुलतान जिवंत राहिला तर पाच वाटेकरी एकमेकांच्या उरावर बसून राहतील, हे त्या राजाला पक्कं कळत होतं. बीदरचा शिक्का हंपीलाही उपयोगी पडत होता.

विजयनगरची माणसं माघारी फिरल्यावर बरीद पुन्हा आला, हे ओघानेच.

आंघोळ

माझ्या मते महमूदशहाच्या सगळ्या आयुष्याचा अर्क एका सकाळच्या आंघोळीत आहे.

कासिम बरीद १५०४मध्ये मेला होता आणि त्याचा मुलगा अमीर बरीद बापाच्या वरताण निघाला. त्याचा जाच असह्य झाला तेव्हा महमूदशहा बीदरमधून निसटला. चक्क निसटला, स्वतःच्या राजधानीतून. थेट वऱ्हाड गाठलं. अलाउद्दीन इमादने त्याचं स्वागत केलं, फौज जमवली, आणि सुलतानाला त्याची गादी परत मिळवून द्यायला बीदरवर चालून आला. समोर अमीर बरीद फौज मांडून उभा. मदतीला त्याने नगरची माणसंही आणलेली.

लढाईची सकाळ. दोन्ही फौजा रांगा धरून तयार. इमाद घोड्यावर. ज्याच्यासाठी हा खटाटोप तो दिसेना. इमादने माणूस पाठवला, हुजुरांना म्हणावं चला. माणूस तंबूशी गेला तर हुजूर आंघोळीला बसलेले.

त्या माणसाची जीभ घसरली. लढाईच्या वेळी जो राजा आंघोळ करतो त्याला त्याचे नोकर खेळवतात त्यात आश्चर्य काय, अशा अर्थाचं काहीतरी तो तोंडावर बोलून गेला.

सुलतानाला ते लागलं. इतक्या वर्षांत ज्याला कुणी विचारलं नाही, ज्याचं सिंहासन मोडलं, ज्याला घोड्यावरून उचलून तंबूत नेलं, त्याला हे एक वाक्य लागलं. त्याने कपडे चढवले, घोड्यावर बसला, इमादच्या रांगेपर्यंत आला, आणि मग टाच मारून सरळ मैदान ओलांडून अमीर बरीदच्या बाजूला जाऊन मिळाला. ज्याच्या तावडीतून सुटायला एवढी यातायात केली, त्याच्याकडेच. इमाद बघत राहिला. आता लढायचं कुणासाठी? तो वऱ्हाडाला परत गेला. अमीर बरीदने सुलतानाला बीदरला नेलं आणि पहारा पुन्हा दुप्पट केला.

हसू येतं, आणि मग वाटतं की त्या माणसालाही एवढा एकच निर्णय आयुष्यात स्वतःच्या मनाने घेता आला. तो कसा का असेना.

डिसेंबर १५१८मध्ये महमूदशहा वारला.

शिंकेने गेलेलं राज्य

त्याच्यानंतर नऊ वर्षांत चार सुलतान झाले. अमीर बरीदने एकेक बसवला आणि उठवला.

पहिला अहमद. याला खर्चाची चणचण. बापाने सिंहासन मोडलं होतं, मुलाने मुकुट मोडला. चार लाख होनांचा वडिलोपार्जित मुकुट फोडून रत्नं गुपचूप विकली. अमीर बरीदला कळल्यावर ज्यांनी घेतली ते मेले, माल मात्र सापडला नाही.

दुसरा अलाउद्दीन. हा जरा पाणीदार होता. अमीर बरीद चंद्रदर्शनाच्या मुबारकबादीला येईल तेव्हा त्याला उडवायचं ठरलं, मारेकरी आत दडवले. बरीद आईसह आला. आणि दडलेल्यांपैकी एकाला शिंक आली. फिरिश्त्याने ही शिंक नोंदवून ठेवली याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. बरीद उंबऱ्यावरून मागे फिरला, शोध घ्यायला लावला, मारेकरी सापडले, सुलतान गेला. आपल्याकडे कामाला निघताना शिंक आली की चार पावलं थांबतात. अमीर बरीद त्या दिवशी थांबला म्हणून बरीदशाही झाली, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरा वलीउल्ला, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं चांगलं नाही. चौथा आणि शेवटचा कलीमुल्ला. १५२६मध्ये पानिपतावर बाबर जिंकला तेव्हा याने चोरून त्याला पत्र लिहिलं: मला सोडवा, वऱ्हाड आणि दौलताबाद तुमचं. देऊ केलेल्यांपैकी वऱ्हाड इमादशहाचं, दौलताबाद निजामशहाचं. कलीमुल्लाकडे देण्यासारखी फक्त शाई होती. बाबरला इकडची हकीकत माहीत होती. दख्खनच्या सुलतानाला काही हवं असेल तर स्वतःच्याच अमिरांकडे मागावं लागतं, असं त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मदत आली नाही, पत्राची बातमी मात्र फुटली. कलीमुल्ला विजापूरला पळाला, तिथून नगरला. बुऱ्हाण निजामशहा पहिल्या दिवशी त्याच्यापुढे हात बांधून उभा राहिला. त्याच्या दरबारातल्या शाह ताहिरने सल्ला दिला की हे बरं नव्हे, लोकांना वाटेल राज्य अजून यांचंच आहे. दुसऱ्या दिवसापासून दरबाराचं आमंत्रण बंद.

बीदरपासून तीनेक किलोमीटरवर अष्टूरला या सगळ्यांच्या कबरी ओळीने आहेत. ओळीच्या सुरुवातीला मोठमोठे घुमट, आतून सोनेरी-लाल नक्षी. पुढे पुढे घुमट बसके होतात, नक्षी जाते, आणि शेवटच्या दोघातिघांच्या कबरी एवढ्याशा आहेत की न थांबता पुढे जाल. घराण्याचा सगळा उतार पाच मिनिटांत पायी चालून बघता येतो. महमूदशहाची कबर आकाराने मोठी आहे, पण साधी. ओळीतल्या अहमदशहा वलीच्या उरुसाला लिंगायत जंगमाचा मान असतो, आणि हिंदू त्याला अल्लमप्रभू मानतात. राज्य बुडालं तरी जत्रा चालू.

मराठीला बीदरच्या बादशहाची आठवण आहे ती वेगळ्याच कारणाने: मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं लुटवली आणि विठोबा विठू महार होऊन बीदरच्या दरबारात रक्कम भरून आला, ती कथा. त्याहून मला आवडतो तो मृत्युंजय. मुंतोजी म्हणूनही त्याला ओळखतात. परंपरा त्याला बहामनी राजघराण्यातला मानते. गुरू कल्याणीचे सहजानंद, समाधी कल्याणीजवळ नारायणपूरला, आणि लिखाण मराठीत, ओवीबद्ध. ज्या घराण्याच्या मुकुटाची रत्नं चोरबाजारात गेली त्याच घराण्याच्या नावावर मराठीत 'सिद्धसंकेतप्रबंध' जमा आहे.

खाटेवरचा कोल्हा

अमीर बरीदला लोक दख्खनचा कोल्हा म्हणत. या कोल्ह्याची फजिती उदगीरपासून सुरू होते, म्हणून ती देवणीच्या पारावर सांगायलाच हवी.

१५२९मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने बीदरला वेढा घातला. म्हातारा अमीर बरीद आधीच बीदर मुलांवर सोपवून उदगीरला जाऊन बसला होता. तिथून त्याने वऱ्हाडच्या इमादशहाला गळ घातली, तुम्ही मध्यस्थी करा. इमादशहा बीदरजवळ आला, बरीदनेही शेजारी तळ टाकला. आणि मध्यस्थी चालू आहे म्हटल्यावर त्या रात्री तळावर यथेच्छ झाली.

आदिलशहाचा सरदार असदखान लारी रात्री निवडक माणसं घेऊन गेला. पहारेकरी झिंगून पडलेले. तंबूत अमीर बरीद पलंगावर निपचित. असदखानाने त्याला मारलं नाही, उठवलंही नाही. खाटेसकट उचललं. चार माणसांच्या खांद्यावर कोल्ह्याची वरात निघाली. अर्ध्या वाटेत बरीदला जाग आली, वर आकाश हलतंय, खाली खाट हलतेय, आणि त्याला वाटलं आपल्याला जिनांनी उचललं. असदखानाने समजूत घातली की आम्ही जिन नाही, विजापूरचे आहोत. त्याने बरीदला जास्त बरं वाटलं असेल असं नाही.

फिरिश्ता विजापूरचा नोकर, तेव्हा मिठाची चिमूट टाकून घ्या. पण बीदर आदिलशहाच्या हातात गेलं हे खरं. पुढे इस्माईलने ते बरीदला परत केलं, अट अशी की कल्याणी आणि कंधारचे किल्ले द्यायचे. कोल्ह्याने हो म्हटलं, बीदरला परत गेला, आणि किल्ले द्यायला टाळाटाळ सुरू केली. त्यावरून पुन्हा लढाई जुंपली.

एवढं करून अमीर बरीदने स्वतःला शहा म्हणवून घेतलं नाही. बाप कासिमने नाही, यानेही नाही. पाच सुलतान वापरून झाले, शेवटचा परागंदा झाला, गादी रिकामी पडली, तरी हा आपला बरीदच. शहा ही पदवी लावली ती अमीरच्या मुलाने, अली बरीदने, १५४२ नंतर. बीदरच्या किल्ल्यातला रंगीन महाल त्याचाच. काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकाम, लाकडी खांबांवर कोरीव काम. किल्ल्यात गेलात तर तो उघडून दाखवायला सांगा, नेहमी उघडा नसतो.